धोंडूमामांची उलटी स्पॅनिश

आमचे धोंडूमामा जेवायला बसले की आधी ताकभात खायचे. मग आमटीभात, आणि सगळ्यात शेवटी भाकरी. वर्तमानपत्र हातात आलं की पहिल्यांदा शेवटचं पान. देवळात कीर्तन असलं तर आरतीच्या सुमाराला पोचायचे आणि उठणाऱ्या माणसांना धरून विचारायचे, "आदी काय काय झालं?" घरात शिरायचे ते परसदारानं. पुढचं दार म्हणे पावण्यांना.

हे मामा माझे नव्हेत, आमच्या हिचे. लग्नात काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी शेजारच्या खोलीकडे बोट दाखवतो. लोणावळ्यात बाजाराच्या मागं आमच्या दोन खोल्या आणि त्यांची एक, मध्ये कुडाची भिंत. मी अलीकडे शिंकलो तर मामा पलीकडून "शंभर वर्सं जगा" म्हणत. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे ते मी जाणून घेतलेलं नाही. ते माझ्या कानात येऊन पडलेलं आहे.

या उलटेपणाला कारण होतं. आपला घाट गाडीला एका इंजिनानं चढता येत नाही. कर्जतला गाडीच्या मागं आणखी एक इंजिन लावतात, ते ढकलत ढकलत तिला वर आणतं आणि लोणावळ्याला सुटतं. गाडी जाते पुण्याला. मागचं इंजिन रिकामं खाली उतरतं. मामा औंढ्याहून पोरसवदा वयात आले ते त्या मागच्या इंजिनावर कोळसा टाकायला, आणि केस पिकले तेव्हा त्याच इंजिनाचे ड्रायव्हर होते. "जावईबापू, उभ्या जल्मात मी गाडीचं त्वांड न्हाई बगितलं," ते सांगत. "मला गाडी म्हंजे गार्डाचा डबा. पर जोर मागनं असतोय. ध्येनात ठेवा. जोर मागनं."

मग विजेची इंजिनं आली. मामांना घरी बसवलं. तेव्हापासून "जोर मागनं"च्या जोडीला दुसरं एक वाक्य आलं: "काय उपेग न्हाई." पाऊस लागला तरी काय उपेग न्हाई, पाऊस लांबला तरी काय उपेग न्हाई. आमच्या हिनं पुरणपोळी वाढली तर पहिला घास घेऊन, डोळे मिटून, अगदी मनापासून म्हणायचे, "ब्येस झालीया. काय उपेग न्हाई."

त्यांना एकच मुलगा, सखाराम. आई लहानपणीच गेलेली. रेल्वेच्या शेडात फिटर होता, हात चांगला होता, आणि बापासारखाच अडेल खेचर होता. मामांनी शिरगावची एक मुलगी त्याच्यासाठी ठरवली, सुपारी फोडायचा दिवससुद्धा धरला. हा पठ्ठ्या नको म्हणाला. कारण विचारलं तर कारणही सांगेना. त्या दिवसापासून मामांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. एका खोलीत दोघं राहायचे, आणि बोलायचं असलं की मामा भिंतीवर थाप मारून आमच्या हिला हाक द्यायचे, "मालन, त्याला सांग, कंदील मोठा करून ठेवलाय, बारीक कर." मालन इकडून ओरडायची, "सखादादा, कंदील!" आणि सखाराम कंदील बारीक करायचा. असं वर्षभर चाललं. आम्हाला त्याची मजा वाटायची.

पुढं शेडातला एक गोरा इंजिनिअर अर्जेंटिना नावाच्या देशात तिथल्या रेल्वेवर निघाला. त्यानं सखारामला बरोबर घेतलं. निघायच्या दिवशी पोरगा पाया पडला. मामा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. कातरतच राहिले. सखाराम थोडा वेळ तसाच वाकून थांबला, मग ट्रंक उचलून गेला. मामांनी त्या दिवशी इतकी सुपारी कातरली की आम्हाला श्रावणभर पुरली.

दोनेक वर्षांनी सखारामनं कळवलं की इकडं लग्न केलंय, बायको इकडचीच, एलेना तिचं नाव, आणि जमेल तेव्हा तिला घेऊन येतो. मी वाचून दाखवलं. मामांनी ऐकून घेतलं.

"तिची भाषा कोणची?"

"तिकडं स्पॅनिश बोलतात, मामा."

"मग शिकाय पायजे."

"तुम्ही?"

"मी न्हाईतर काय ती म्हस शिकंल?" परसात शेजाऱ्यांची म्हैस होती. "त्याच्याशी न्हाई बोलायचं मी. सुनंशी बोलायचं."

मालन आतून म्हणाली, "सासरा कधी सुनेशी तोंडावर बोलतो का, मामा? रीत आहे का आपल्यात?"

"ती मडमीण. तिला कुटली आलीया रीत! बोलंल चुरूचुरू."

मी जकात नाक्यावरचा कारकून. मॅट्रिकपर्यंत पोचलेला, पलीकडे न गेलेला. घरातला इंग्रजी जाणणारा माणूस म्हणून माझी वट होती, ती मी जपून वापरत असे. पुण्याला गेलो तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारलं, "अर्जेंटिनात बोलतात त्या स्पॅनिशचं पुस्तक आहे का?" दुकानदारानं माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच पानाचा डबा काढून पान खाऊ लागलो. अखेर इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं एक व्याकरण मिळालं. ते आणून मामांपुढं ठेवलं. त्यांनी उचललं, उलटं केलं, आणि शेवटचा धडा उघडला.

"मामा, आधी पहिला."

"पयला पुढच्या इंजनाला. जोर मागनं."

शेवटच्या धड्यात एक तक्ता होता. एकाच क्रियापदाची सहा रूपं: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. मी इंग्रजीचा आधार घेत, मधूनमधून घाम पुसत, अर्थ लावला. "हा, मामा, न घडलेल्या गोष्टींचा काळ आहे. म्हणजे… मी बोललो असतो. तू बोलला असतास. तो बोलला असता."

मामांनी त्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"म्हंजे झालं न्हाई, पर व्हायला पायजे हुतं?"

"तसंच."

"आन आता व्हायचं बी न्हाई?"

"नाही."

"मग ह्योच काळ पायजे आपल्याला," मामा म्हणाले. "म्हणा तुमी, मी तुमच्यामागनं."

आणि आमची शाळा सुरू झाली. रोज सकाळी ओट्यावर, पाढे म्हणतात त्या चालीवर, पावकी-निमकीच्या ठेक्यात: "उबिएरा आब्लादो, उबिएरास आब्लादो, उबिएरा आब्लादो…" पुस्तकात हे शब्द 'ह'नं सुरू होत. एरवी हाय-हुतं म्हणणाऱ्या मामांच्या मावळी जिभेवर या शब्दांतला 'ह' मात्र काही बसेना. मी पुण्याच्या शाळेत शिकलेला माणूस, मला ते खपेना. "ह म्हणा मामा, ह! हुबिएरा हाब्लादो!" मामा पोटातून दम घ्यायचे, "ह्ह्हुबिएरा" म्हणायचे आणि खोकल्याची ढास लागायची. मग आमची ही पाण्याचा तांब्या घेऊन यायची आणि कुणाला द्यायचा ते विसरून माझ्याकडे डोळे वटारायची.

मी सुचवलं, पान उलटू या. जरा पाणी, भाकरी, घर असे शब्द घेऊ. मामा हसले. "पाणी मागाय भाषा कशाला, जावईबापू? तांब्या दावला की झालं." मी म्हटलं, निदान 'बरी आहेस का' एवढं तरी? "आधी अवघड चढ. तो चढला की म्होरं समदी सपाटीच हाय."

मी ते खरं मानलं. महिने गेले. मामा त्याच एका तक्त्यावर. आळीतली पोरं लपंडावात राज्य कुणावर ते ठरवायला आब्लादो वापरू लागली. एकदा डोंगरातल्या वाडीवरचा एक ठाकर विंचू चावलेल्या बायकोला घेऊन बाजारात आला होता. ओट्यावर एक म्हातारा डोळे मिटून न कळणारं काहीतरी घोळून घोळून म्हणतोय असं दिसल्यावर तो तिला तडक मामांपुढं घेऊन बसला. मामांना काही कळेना. मी खूण केली, म्हणा. मामांनी सहाही रूपं म्हटली, दोनदा. बाई म्हणाली, उतरतंय. चार दिवसांनी पानांत बांधलेली करवंदं आली.

मामा करवंदं खात खिन्न होऊन म्हणाले, "इंचवाला कळतंय, जावईबापू. सुनंला कळंल का?"

मग त्या पावसाळ्यात बातमी आली. तिकडं कसला तरी ताप आला आणि सखाराम गेला. पत्र त्या इंजिनिअर साहेबाचं होतं. मीच वाचलं. मामांनी मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं नाही.

मला वाटलं, आता शाळा सुटली. दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि भिंतीपलीकडून तीच चाल आली. "उबिएरा आब्लादो." मी बोललो असतो. मालन चुलीपुढं पदर तोंडात धरून रडायला लागली. "अहो, जा ना. थांबवा त्यांना."

मी बाहेर गेलो. मामा ओट्यावर बसले होते. कोट घातलेला, पण बटणं लावायची राहिलेली.

"मामा, आता हे कशासाठी?"

"ती हाय की अजून," ते म्हणाले. "तेवढं तिला सांगायचं हाय. लई न्हाई, एकच गोष्ट हाय. पर तिच्या भाषेत सांगाय पायजे, न्हाईतर तिला वाटंल म्हातारा कायतरी बरळतोय."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की मामा त्या पानावर का अडकले होते. पुस्तकाची चारशे पानं होती आणि त्यांना लागत होतं तेवढं एका पानावर लिहिलेलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि दुसरं काही सुचेना म्हणून म्हणालो, "ह म्हणा मामा, ह."

ती येईल असं मामांखेरीज कुणालाच वाटत नव्हतं, आणि खरं तर मामांनाही वाटत नव्हतं. "काय उपेग न्हाई," असं ते रोजच्या उजळणीनंतर म्हणत, देवाला नैवेद्य दाखवून झाल्यावर घंटा वाजवावी तसं. पण त्या इंजिनिअर साहेबाची पुन्हा इकडं नेमणूक झाली. साहेबाच्या मुलांना सांभाळायला एलेना त्याच्याच घरी राहिली होती, ती बरोबर आली. उन्हाळ्यात थोड्या दिवसांपुरता साहेबानं खंडाळ्याला बंगला घेतला आणि त्याचा बटलर एके दिवशी आमच्या दारात उभा राहिला. सखारामची बाई रविवारी दुपारी भेटायला येईल. संध्याकाळी मुलांच्या जेवणाआधी परत पोचली पाहिजे. पुढच्या आठवड्यात साहेब मद्रासकडे निघणार.

म्हणजे तेवढी एक दुपार.

शनिवारी मामांनी दाढी केली, रविवारी सकाळी पुन्हा केली. रेल्वेचा जुना कोट काढला, बटणं राखेनं घासली. आयुष्यात पहिल्यांदा ते पुढच्या दारानं आमच्या घरात आले आणि मग बाहेर ओट्यावर बाजेवर बसले. आळी जमली होती. "मामा, म्हणून दावा की एकदा!" "आज मडमीण मामाची परीक्षा घ्येनार!" मामा कुणाकडे बघत नव्हते. ओठ हलत होते. मी त्यांच्या कानात शेवटची सूचना दिली. कोणती ते सांगायला नको.

टांगा थांबला. पायघोळ काळा झगा, डोक्यावर काळी जाळीदार शाल, चेहरा उन्हानं रापलेला, वय मालनपेक्षा थोडं कमी. ती उतरली, तिनं मामांना पाहिलं. मामा उभे राहिले. छाती फुगवून त्यांनी दम घेतला.

आणि त्या बाईनं शाल नाकापर्यंत ओढली, मान खाली घातली, मामांच्या पायाशी लांबूनच वाकून नमस्कार केला आणि अंग चोरून, त्यांच्याकडे पाठ न करता, थेट आमच्या स्वयंपाकघरात गेली.

मामांचा दम तसाच राहिला. आळीत कुणीतरी म्हणालं, "रागावली वाटतं." दुसरं म्हणालं, "मामाची मिशी बगून भ्याली."

थोड्या वेळानं मालन बाहेर आली. तिचा चेहरा मी आजवर पाहिला नव्हता असा झाला होता.

"अहो, ती मराठी बोलते."

"काय?"

"मराठी! आपलं! औंढ्यासारखं! मी म्हटलं, वैनी, बाहेर चला, मामांशी बोला. तर म्हणते, 'न्हाई. आमच्यात सासऱ्याम्होरं बोलत न्हाईत.' आमच्यात म्हणते!"

आळी खदखदून हसली. मीही हसलो असतो, पण माझं लक्ष मामांकडे गेलं.

"सख्यानं शिकवलं तिला," मामा म्हणाले. ते हळूहळू बाजेवर बसले. "हितं एक रीत पाळली न्हाई भाड्यानं. आन तितं जाऊन समद्या शिकवल्या."

"मामा, तुम्हीच सांगा तिला," मी म्हणालो. "तुम्ही सासरे. तुम्ही म्हणालात, बोल, तर ती बोलेल."

"आन त्यानं शिकवलेलं मी मोडू? काय ऱ्हायलंय दुसरं त्याचं?"

मी पानाचा डबा काढला. लोक पांगले. दुपार चालली होती. मामांनी बाज ओढून स्वयंपाकघराच्या कुडाला लावली. सुनेला थेट बोलायचं नाही, पण कुडाला बोलायला बंदी नाही. आपल्याकडे सासरे असे खांबांशी, मांजरांशी, उंबऱ्यांशी पिढ्यानपिढ्या बोलत आले आहेत. मामांनी कुडाकडे तोंड केलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि स्पष्ट, खणखणीत सुरुवात केली:

"हुबिएरा हाब्लादो! हुबिएरास हाब्लादो!"

आत कुजबुज. मग एलेनाचा दबका आवाज: "मालनताई, मामंजी विंग्रजी बोलत्यात का?"

मी खाली बघितलं. ओट्यावर एक मुंगळा चालला होता, त्याच्याबरोबर कुठंतरी जावंसं मला वाटलं.

मामांची मान खाली गेली. "काय उपेग न्हाई," ते म्हणाले, आणि या खेपेला ते म्हणायचं म्हणून म्हणाले नाहीत. मग, कुणाला ऐकवायचं नसल्यासारखं, सवयीनं, दमलेल्या आवाजात, ज्या जिभेनं औंढ्यात बोलायला शिकले त्याच जिभेनं पुटपुटले: "उबिएरा आब्लादो…"

आत भांड्यातली पळी थांबली. स्पॅनिशमध्ये तो 'ह' नुसता लिहितात, म्हणत नाहीत, हे मला फार मागाहून कळलं.

मामा म्हणत राहिले. सगळी रूपं नाहीच म्हटली. पहिलंच, पुन्हा पुन्हा. मी बोललो असतो. मी बोललो असतो. मालननं मागाहून मला सांगितलं की एलेना चुलीपुढं उभी होती ती खाली बसली आणि शाल तोंडावरून काढून तिनं हातात घट्ट पिळली. तिनं उत्तर दिलं नाही. सासऱ्याला उत्तर द्यायचं नसतं.

बऱ्याच वेळानं मालन विचारू लागली, सखादादा तिकडं कसा राहायचा. एलेना सांगू लागली. तिनं मराठी एकाच माणसाकडून ऐकली होती, तो जसा बोलायचा तशीच ती तिला येत होती. बाईमाणूस असून "मी आलो, मी गेलतो" म्हणायची. मालनला सुरुवातीला हसू आवरेना. "तसं नाही वैनी, 'मी आले' म्हणायचं," ती सांगायला गेली.

"मालन!" मामांनी कुडावर थाप मारली. "ऱ्हाऊ दे. तिला काय बी शिकवू नको."

मी वळून पाहिलं. मामांनी डोकं कुडाला टेकलं होतं, डोळे मिटले होते. आत एक परकी बाई बोलत होती, आवाज बाईचाच, उच्चार कुठले कुठले. पण शब्द मागं ओढून मध्येच सोडून द्यायची ढब, "आता बगा" म्हणून थांबायचं, 'लई' म्हणताना लांबवायचं, हे सगळं सखारामचं होतं. मलासुद्धा क्षणभर वाटलं की शेडातून आलाय.

बाहेर टांगेवाल्यानं हाक दिली. मालन पदराला हात पुसत दारात आली. "मामा, तिला निघायला हवं. सगळं विचारून झालं माझं."

"आनकी इचार."

"काय विचारू?"

"काय बी. मिरच्या कशा वाटत्यात तितं, त्ये इचार. भाकर कशाची असती, इचार. तिला बोलू दे गं बाय."

टांगेवाल्यानं पुन्हा हाक मारली. मी उठून त्याच्याकडे गेलो, घोड्याला पाणी पाजून आण म्हणालो. त्याला ते पटलं नाही, पण गेला.

आत मालन विचारत होती आणि एलेना भाकरीचं सांगत होती. तिकडं ज्वारी मिळत नाही, मक्याचं पीठ, पहिल्यांदा मोडायच्या, मग हे कामावरून यायचे तेव्हा कसं म्हणायचे. नवऱ्याचं नाव तिनं दुपारभर एकदाही घेतलं नाही. त्याचं बोलणं मात्र ती होतं तसं सांगत होती.

"'लई दमलो आज,' म्हणायचे. 'वाढ तू. मी हात धुतो आन बसतो जेवाया.'"

कुडाच्या अलीकडे मामांनी डोळे उघडले नाहीत. बाजेवर थोडे बाजूला सरकले, शेजारी जागा केली, आणि अगदी हळू म्हणाले,

"बस."